ऐकू आलं की बटण दाबा

माझं अर्धं आयुष्य लोकांना एकच वाक्य सांगण्यात गेलं. "ऐकू आलं की बटण दाबा." झोपेतसुद्धा मी हे म्हणते, असं आमचे प्रोफेसर सांगतात. प्रोफेसर म्हणजे माझे यजमान. ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवतात आणि मी हॉस्पिटलात लोकांचे कान तपासते. घरात एक जण 'ऐकणं म्हणजे नक्की काय' यावर बोलत असतो आणि दुसरी त्याचा ग्राफ काढून मोकळी होते. यात शहाणं कोण, हा प्रश्न लग्नानंतर पहिल्याच महिन्यात निघाला आणि मी तो माझ्यापुरता लगेच निकालात काढला. शहाणी मी. त्या निकालाची पुढे जी फजिती झाली ती मीच सांगितलेली बरी, नाहीतर ते सांगायला बसतील आणि प्रस्तावनेतच संध्याकाळ होईल.

आमची ओळखच वादाने झाली. बघायला आले तेव्हा वडीलधारी मंडळी बाजूच्या खोलीत गेली आणि यांनी मला विचारलं, "तुम्हाला ऐकू येतं तेव्हा काय होतं?" मला वाटलं, चला, माणसाला माझ्या कामात रस आहे. मी सगळं घडाघडा सांगितलं. पडदा हलतो, त्यामागची तीन हाडं हलतात, आतल्या पाण्यात लाट उठते, नस जागी होते, मेंदूला निरोप जातो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे कानाचं झालं. तुम्हाला काय होतं?"

मला इतका राग आला की म्हटलं, याच्याशी लग्नच करते. एकदा याला उत्तर देऊन दाखवीन. अजून दिलेलं नाही.

माझी खोली हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारी. खोलीत आणखी एक छोटी खोली आहे, कपाटाएवढी, जाड दाराची. बाहेरचा आवाज आत जात नाही. पेशंट आत बसतो, कानाला हेडफोन, हातात बटण. मध्ये काच. बाहेर मी आणि माझं मशीन. मी बारीक आवाज सोडते, त्याला ऐकू आला की तो बटण दाबतो आणि माझ्या मशीनवर लाल दिवा लागतो. मग आवाज कमी करत जायचं. दिवा लागेनासा झाला की ग्राफवर खूण करायची, उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. खुणा जितक्या खाली, तितका माणूस बहिरा.

पेशंट आत बोलला की मला मशीनच्या स्पीकरवर ऐकू येतं. त्याच्याशी बोलायला मशीनवर माइकचा स्विच आहे. खाली दाबला की माझं बोलणं थेट त्याच्या हेडफोनमध्ये जातं, बोट काढलं की स्विच आपोआप वर येतो. आपोआप म्हणजे मशीन नवीन होतं तेव्हा. आता आतली स्प्रिंग थकली आहे, माझ्यासारखीच. स्विच खालीच बसून राहतो, नखाने उचलावा लागतो. त्यात मला काम करताना पुटपुटायची सवय. एकदा एका रिटायर्ड पोस्टमास्तरांना तपासत होते. दिवा काही लागेना. मी पुटपुटले, "झोपला की काय मेला." आतून अदबीने उत्तर आलं, "नाही बाई, जागा आहे." त्या दिवशी मी स्विचशेजारी लाल टेप चिकटवली. टेप बघायची आणि स्विच वर करायचा. सुरुवातीला बघायचेही. पुढे ती मशीनचाच भाग झाली आणि मला दिसायची बंद झाली.

"तू आवाज मोजत नाहीस," प्रोफेसर म्हणायचे. "मशीन आवाज सोडतं, तो खरा. पण तू मोजतेस ते त्या माणसाचं 'हो'. त्याच्या आत काय झालं, ते तुला कुठे दिसतं?"

"दिवा दिसतो."

"दिवा त्याच्या बोटाचा."

"मग तुम्ही काय मोजता?"

"मी काहीच मोजत नाही."

"तेच म्हणते मी," असं म्हणून मी उठायचे. वादात कधी उठायचं हे मला बरोबर कळतं.

त्यांचं दुसरं लाडकं म्हणणं असं, की दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे कुणालाही थेट कळू शकत नाही. आपण फक्त अंदाज करतो. मी म्हणायचे, "संसार करणाऱ्या बाईला विचारा. आत्ता तुम्हाला चहा हवाय." हवाच असायचा. "पण हा अंदाज झाला," ते म्हणायचे. मी म्हणायचे, "मग अंदाजच प्या," आणि चहा करायचे नाही. विज्ञानाचा विजय असा मी घरात अनेकदा साजरा केलाय.

तर गेल्या वर्षी हे गप्प व्हायला लागले.

वर्गात कुणी प्रश्न विचारला की त्याच्याकडे बघत उभे राहायचे. मुलांना वाटायचं सरांना ऐकू आलं नाही, मग ती ओरडून विचारायची. तरी हे उभेच. कॉलेजचे प्रिन्सिपल एकेकाळचे यांचेच विद्यार्थी. बिचारे घरी आले, बराच वेळ हवापाण्यावर बोलले आणि जाताना मला म्हणाले, "वहिनी, सरांचे कान एकदा बघून घ्या ना. तुमच्या हातातलंच काम आहे." घरातही तेच चाललं होतं. मी विचारावं, "भाजी कोणती आणू?" तर उत्तर नाही. मी भाजी आणून, निवडून, फोडणीला टाकल्यावर बाहेरून आवाज यायचा, "कोणतीही चालेल."

नवरे असेच असतात म्हणून मी हे सोडून दिलं असतं. पण सासूबाईंचं असंच सुरू झालं होतं. त्या बोलता बोलता थांबायच्या. घरातले सगळे म्हणाले, कान गेले असतील. मी तपासले, कान ठणठणीत होते. मग हळूहळू गॅस विसरल्या, घर विसरल्या, शेवटी मला विसरल्या. मी भरवायला बसले की म्हणायच्या, "बाई, तुम्ही फार मायेच्या आहात हो. आमच्या सुनेला जरा सांगा, असं वागावं म्हणून." मी म्हणायचे, सांगते. आणि मोरीत जाऊन नळ सोडून रडायचे. तेव्हा हसूही यायचं, हे खोटं कशाला सांगू.

म्हणून प्रिन्सिपल 'कान' म्हणाले तेव्हा माझ्या पायाखालची जमीनच सरकली. कान गेले तर मशीन आहे. मनाला कुठलं मशीन लावणार? घरोघरच्या बायका नवऱ्याला दीर्घायुष्य मागतात, मी बहिरेपण मागायला लागले. मनापासून, उठता बसता.

घरच्या माणसाला आपण तपासू नये, असा आमच्या कामात साधा संकेत आहे. पण मी कुणाचं ऐकते? शनिवारी दुपारी ओपीडी संपल्यावर यांना बोलावून केबिनमध्ये बसवलं, हेडफोन चढवले आणि बाहेर येऊन माइकवर सांगितलं, "ऐकू आलं की बटण दाबा."

"ऐकू आल्यासारखं वाटलं तर?"

"अहो, दाबा."

पहिले मोठे आवाज झाले, दिवा लागला. आवाज कमी केला, दिवा लागला. आणखी थोडा कमी केला, अडखळत एक-दोनदा लागला आणि बंदच झाला. मी परत वाढवला. नाही. आणखी वाढवला. बऱ्याच वेळाने लागला. दुसऱ्या कानाचीही तीच रड. लाल गोल आणि निळ्या फुल्या हातात हात घालून खाली उतरत गेल्या. इतका वाईट ग्राफ मी इतक्या आनंदाने कधीच काढला नव्हता. तोंडाने नेहमीसारखं पुटपुटणं चालू होतंच.

दार उघडून मी सांगितलं, "बहिरे आहात तुम्ही." लेक बोर्डात आली असती तर असंच सांगितलं असतं. मग डोळे पुसायला पाठ केली आणि हळूच म्हटलं, "सुटले मी." मागून ते म्हणाले, "बरं झालं."

आता बघा. असा ग्राफ असलेल्या माणसाशी पाठमोरं, दबक्या आवाजात बोललं तर तो 'काय?' म्हणतो. शिकायला आलेल्या पोरीलासुद्धा हे पहिल्या आठवड्यात कळतं. मला कळलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा, आणि दिवा तर माझ्यासमोर लाल होऊन बसला होता.

दोन्ही कानांना मशीनं आली. लेकीला फोन केला, प्रिन्सिपलना निरोप दिला, शेजारी सांगितलं. सासरी-माहेरी मी ही बातमी पेढे वाटल्यासारखी पोहोचवली. यांचे मात्र हाल सुरू झाले. पेपर उलटला की म्हणे पत्रा वाजतो. चमचा बशीत ठेवला की दचकायचे. मी पेशंटला देते तेच उत्तर दिलं, "होईल सवय."

खरंच सवय झाली. तक्रार बंद झाली. मी खूश होते. मग एक दिवस कंगवा शोधताना ड्रॉवरमध्ये सेलचं पाकीट दिसलं. कानातल्या मशीनचा बारका सेल रोज वापरला तर आठवड्याभरात, फार तर दहा दिवसांत संपतो. मशीनं येऊन महिना उलटून गेला होता आणि पाकीट फोडलेलंही नव्हतं. हे अंघोळीला गेले तशी मी टेबलावरची मशीनं उघडून पाहिली. सेलची झाकणं नुसती टेकवलेली. म्हणजे बंद मशीनं कानात घालून, बुचं मारल्यासारखे कान घेऊन हा माणूस महिनाभर माझ्याशी बोलत होता. आणि मला ते तसूभरही कळलं नव्हतं.

कान चांगले होते तर. मी तिथेच पलंगावर बसले. मग ते गप्प होणं कशाचं?

दुसऱ्या दिवशी यांना आमच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे बेरा नावाची तपासणी असते. कपाळाला आणि कानामागे तारा चिकटवतात, कानात टकटक सोडतात आणि नसेपासून मेंदूच्या बुडापर्यंत निरोप पोहोचतो की नाही, ते मशीन स्वतःच बघतं. पेशंटला काही विचारत नाहीत. तो झोपला तर उत्तम. मला ही तपासणी फार आवडते. त्यात माणूस मध्ये येत नाही.

ग्राफ स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, यांचे कान वयाच्या मानाने माझ्यापेक्षा बरे आहेत. तो आधीचा ऑडिओग्राम कोणी काढला?"

"होती एक," मी म्हटलं.

बसमधून घरी येताना हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "गंमत आहे. मी गाढ झोपलो होतो. माझ्या नसेला ऐकू आलं, मला नाही. मग ऐकलं कोणी?"

"गप्प बसा," मी म्हटलं. मग स्वतःलाच राहवेना. "माझ्याकडे बटण का नाही दाबलंत?"

ते गप्प झाले. मला वाटलं झालं, गेले परत. पण मग म्हणाले, "खात्री नव्हती."

मला हसू फुटलं. बसमधली माणसं बघायला लागली. अरे देवा, असं होय. लोकांना ऐकू आलं की ते बटण दाबतात. आमच्या प्रोफेसरांना ऐकू आलं की वाटलं, याची खात्री करत बसले आणि तेवढ्यात आवाज संपला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. असा ग्राफ जगात फक्त आमच्याच घरात निघू शकतो. तत्त्वज्ञान्याला तपासणार बायको आणि तिला वाटणार मशीन सगळं सांगतं.

पण हसू आमच्या स्टॉपपर्यंतसुद्धा टिकलं नाही. बटणाचं ठीक होतं. भाजीला कसली खात्री लागते?

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत यांना परत माझ्या खोलीत बसवलं. "या वेळी खात्री नको," माइकवर सांगितलं. "नुसतं वाटलं तरी दाबायचं." आणि दाबलं त्यांनी. अगदी बारीक, मलाही कष्टाने ऐकू येतील अशा आवाजांना दिवा टपाटप लागला. खुणा वरच्या वर सरळ रेषेत आल्या. तरण्या पोराला शोभेल असा ग्राफ.

मी पेन ठेवलं. आवाज सोडायचं थांबवलं. डोळ्यांपुढे सासूबाई आल्या.

"म्हणजे कान नाहीतच," मी पुटपुटले. "डोकंच आहे."

दिवा लागला.

मी मशीनकडे पाहिलं. आवाज मी सोडलेलाच नव्हता. "आता नसलेलंही ऐकू यायला लागलं यांना," मी म्हटलं. दिवा पुन्हा लागला. "मलाही विसरणार. आईंसारखंच मला बाई म्हणणार." पुन्हा लागला. आता मला बघवेना. मी मान वर केली तर काचेपलीकडे हे एका हाताने बटण दाबत होते आणि दुसऱ्या हाताने माझ्या टेबलाकडे बोट दाखवत होते.

लाल टेप. तिच्याशेजारी स्विच, खाली बसलेला.

"सुरुवातीपासून खालीच आहे," केबिनमधून त्यांचा आवाज आला. मग थोडं थांबून म्हणाले, "त्या शनिवारीही होता."

मी लाल टेपवर बोट ठेवलं.

"तू म्हणत होतीस, देवा, कानच असू देत. डोकं नको. मी आपलं ऐकू येईल तसं बटण दाबत होतो. तर तू म्हणालीस, नका ना दाबू."

"मग?"

"मग नाही दाबलं."

हा माणूस कोण, ते सांगते. दारात नको असलेला पाहुणा आला तर 'घरी नाहीत म्हणून सांग' हे यांच्या तोंडून कधी निघालेलं नाही. वर्गणीवाल्यालासुद्धा हे आत बसवून खरं बोलतात. त्यांनी जन्मात एकदा खोटं सांगितलं, तेही माझ्या मशीनला, आणि ते निभवायला महिनाभर कानात बुचं घालून हिंडले, वर बसमध्ये 'खात्री नव्हती' म्हणाले. आणि मी, मन मोजता येत नाही म्हणणाऱ्याला इतकी वर्षं हसणारी, त्यांच्या खोट्याचा सुबक ग्राफ काढून खाली सही करून बसले होते. माझ्या मनातलं त्यांना कळलं ते अंदाजाने नाही आणि विज्ञानानेही नाही. एक स्प्रिंग बिघडली म्हणून.

"आणि वर्गात गप्प होता ते?" मी विचारलं.

"एका मुलीने विचारलं होतं. तिची आजी तिला ओळखत नाही. पण ही जवळ बसली की तिचा हात सोडत नाही. मुलगी म्हणाली, सर, आजी आत आहे का? याचं उत्तर मी कित्येक वर्षं शिकवतोय. या बाजूने आणि त्या बाजूने. मला आई आठवली. तोंड उघडलं आणि काही आलंच नाही. तेव्हापासून साध्या प्रश्नालाही आधी थांबावं लागतं."

"म्हणजे तुम्ही विचार करत असता. विसरत नाही ना?"

काचेतून मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. तिथे लिहिलेलं काही वाचता येतं का, असं बघत होते, येत नव्हतं.

"मला तसं वाटतं," ते म्हणाले. "खात्री नाही. मीही घाबरलोय. मलापण कानच हवे होते गं."

हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मीही त्यांना कधी सांगितलं नव्हतं. एका घरात, एका टेबलावर जेवून दोघं एकच भीती दोन वेगळ्या खोल्यांत घेऊन बसलो होतो, आणि प्रिन्सिपलना, लेकीला, शेजाऱ्यांना आता काय सांगायचं ते दोघांनाही माहीत नव्हतं.

स्विच वर करायला मी नख लावलं आणि काढून घेतलं. हेडफोनचा आवाज अगदी शेवटपर्यंत खाली आणला, जिथे भल्याभल्यांना ऐकू येत नाही. आणि ओठ माइकला टेकवून म्हटलं, "नाही ओळखलंत तरी चहा मीच करून देईन."

दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. दाबल्यावर बटण सोडायचं असतं, हे मी त्यांना दोन्ही वेळा सांगायला विसरले होते.